सतरा गाठी

दिवाळीच्या अंकात, भाजणीच्या वासात आणि मुलांच्या गलक्यात वाचावयाच्या पानांवर काखेतल्या गाठींचा विषय काढावा की काढू नये, याचा मी पुष्कळ दिवस विचार करीत होतो. पण काय करणार? माझ्या मनात हा विषय आणि दिवाळी या दोहोंची सांगड केव्हाच बसून गेली आहे. १९८८ सालापासून आमच्या अक्काच्या घरी चकल्यांचा सोऱ्या मी दाबतो. भाजणी तिची, मोहन तिचे, तळणे तिचे. सोऱ्या तेवढा माझा. तिचा उजवा हात त्या कामाचा राहिलेला नाही. खांद्यापासून बोटांपर्यंत तो कायमचा सुजलेला असतो. उजव्या हातातल्या पाटल्या त्याच वर्षी सोनाराकडून कापून काढाव्या लागल्या, त्या पुन्हा चढल्या नाहीत.

अक्काला तेव्हा सत्तेचाळिसावे वर्ष होते. स्तनाचा कॅन्सर निघाला आणि शस्त्रक्रिया झाली. स्तनाबरोबर काखेतल्या साऱ्या गाठीही काढल्या. त्या काळी सगळीकडे हीच रीत होती आणि ज्यांनी ती केली त्यांचा हात कुशल होता. त्यांच्याविषयी माझी तक्रार नाही. दहा-बारा दिवसांनी तपासणीचा कागद आला. त्यात एक वाक्य होते : सतरा गाठी तपासल्या, एकीतही रोग नाही. आम्ही रुग्णालयाच्या व्हरांड्यातच पेढे वाटले. आमच्या मेहुण्यांच्या डोळ्यांना धार लागली होती. मीही दोन पेढे खाल्ले.

मी शाळेत चाळीस वर्षे पदार्थविज्ञान शिकवले. एखाद्या वाक्याला उलट्या बाजूने पाहावे, हे मुलांना रोज सांगत आलो. पण या वाक्याची दुसरी बाजू माझ्या ध्यानात यायला कितीतरी वर्षे लागली. सतरांपैकी एकीतही रोग नव्हता, म्हणजे सतराच्या सतरा निरोगी गाठी आपण काढून टाकल्या. ज्या बातमीवर आम्ही पेढे वाटले, तीच बातमी दुसऱ्या अंगाने अक्काचा हात गेल्याची होती.

या गाठी म्हणजे काय, हे घरोघरच्या बायकांना डॉक्टरांच्या आधीपासून ठाऊक आहे. पायात काटा मोडला की जांघेत अवधाण येते, बोट पिकले की काखेत येते. शरीरातल्या पेशींच्या भोवती जे पाणी झिरपत असते, ते बारीक बारीक नळ्यांतून परत रक्ताकडे जाते आणि वाटेत या गाठींतून गाळले जाते. गाठी काढल्या की गाळणीही जाते आणि वाटही मोडते. सगळ्यांचाच हात सुजतो असे नव्हे. काख पूर्ण साफ केलेल्या बायकांत सुमारे पाचांत एकीच्या वाट्याला हे येते. अक्का त्या पाचांतली एक.

मग या गाठी काढीत का असत? याचे उत्तर अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहरात सापडते. तेथे जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात विल्यम हॉल्स्टेड नावाचा एक अत्यंत निष्णात शल्यविशारद होता. १८९४ साली त्याने आपल्या पद्धतीचा जो अहवाल छापला, त्यावर पुढची सत्तर-ऐंशी वर्षे जग चालले. रोग स्तनातून काखेत आणि काखेतून पुढे असा पायरीपायरीने सरकतो, तेव्हा स्तन, त्याखालचे छातीचे स्नायू आणि काखेतल्या गाठी एकसंध काढल्या की रोगाची वाट बंद झाली, असा त्याचा हिशेब होता. त्याला उगीच हसू नये. त्याच्या आधी शस्त्रक्रियेच्या जागीच रोग पुन्हा उद्भवे, ते प्रमाण त्याने खरोखरच खूप खाली आणले. पण त्यातून एक विचित्र नीती रूढ झाली. जो जास्त कापील तो शूर आणि सावध. जो कमी कापील तो भित्रा किंवा निष्काळजी. ज्याचे मोल दुसऱ्याच्या शरीराने द्यावयाचे आहे, असल्या शौर्याबद्दल माणसाने जरा जपून बोलावे.

मला येथे जनमेजयाचे सर्पसत्र आठवते. बापाला डसला एकटा तक्षक. पण यज्ञात आहुती पडली ती सापांच्या कुळेच्या कुळे. त्यात विषारी किती आणि बिनविषारी किती, हे कोणी विचारले नाही. आस्तिक आला आणि त्याने सत्र थांबविले, तेव्हा तक्षक तर वाचलाच. लहानपणी ही गोष्ट ऐकताना मला आस्तिकाचा राग येई. तक्षक सुटला कसा, हेच मनात खुपे. आहुती गेलेल्यांची मोजदाद करावी, हे सुचायला बरेच वय व्हावे लागते.

शल्यशास्त्रातला आस्तिक म्हणजे पिट्सबर्गचा बर्नार्ड फिशर. त्याने वाद घालण्याऐवजी प्रयोग केला. १९७१ साली सुरू झालेल्या त्या प्रयोगात काखेत हाताला गाठ न लागणाऱ्या बायकांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे तीन गट केले. एकीत हॉल्स्टेडची समूळ शस्त्रक्रिया. दुसरीत नुसता स्तन काढून वर किरणोपचार. तिसरीत नुसता स्तन काढून काखेला हातच लावावयाचा नाही, पुढे गाठ उद्भवली तर तेव्हा काढावयाची. पंचवीस वर्षांचा हिशेब २००२ साली प्रसिद्ध झाला. जगण्या-मरण्याच्या बाबतीत तिन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक पडला नव्हता. दहा वर्षांचा हिशेब तर १९८५ सालीच बाहेर आला होता आणि तोही हेच सांगत होता.

तरी अक्काच्या गाठी काढल्या, त्या का? तर तोवर कारण बदलले होते. पूर्वी त्या रोगाची वाट म्हणून काढीत, आता बातमी म्हणून काढीत. रोग काखेपर्यंत आला आहे की नाही यावर पुढची औषधे ठरत, आणि ते कळायला गाठी बाहेर काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्यावाचून गत्यंतर नव्हते. आपल्याला एक गोष्ट ठाऊक नाही. ती कळावी म्हणून दुसऱ्याच्या शरीराचा भाग खर्ची घालावयाचा. आणि उत्तर ‘काही नाही’ असे आले तर पेढे वाटावयाचे. हे बरोबर की चूक? मी या प्रश्नापाशी वारंवार येतो आणि मला सरळ उत्तर देता येत नाही. कारण न कळता औषध देणे किंवा न देणे यातही घात होताच. कळण्याला किंमत पडते हे खरे. पण ती किती असावी?

ही किंमत उतरली ती एका साध्या कल्पनेने. स्तनातून निघणारे पाणी काखेतल्या सतरा-अठरा गाठींत एकदम शिरत नाही. आधी एक-दोन गाठींत येते, मग पुढे जाते. वेशीवरच्या पहारेकऱ्यालाच कोणी ओलांडलेले नाही, तर गावात चोर शिरला नसावा. तेव्हा पहारेकरी तेवढा शोधून तपासावा. १९९२ साली कॅलिफोर्नियात मॉर्टन यांनी त्वचेच्या मेलॅनोमा कॅन्सरमध्ये निळा रंग टोचून अशी गाठ शोधली. १९९४ साली जुलियानो यांनी स्तनाच्या कॅन्सरमध्ये तेच केले. मध्ये १९९३ साली व्हरमाँटच्या क्रॅग यांनी रंगाऐवजी किरणोत्सर्गी द्रव टोचून, किरण मोजणाऱ्या यंत्राने गाठ हुडकून दाखविली. पुढे या दोन्ही पद्धती जोडीने चालू लागल्या.

पण किरणोत्सर्गी टेक्निशियमचे अर्धायुष्य अवघे सहा तासांचे. सकाळी टोचले की संध्याकाळी निम्मे, दुसऱ्या दिवशी सोळावा हिस्सा. ते ज्या मूलद्रव्यापासून मिळते ते जगातल्या मोजक्या अणुभट्ट्यांत तयार होते. २००९-१० साली कॅनडातली चॉक रिव्हरची आणि हॉलंडमधली पेटनची भट्टी दुरुस्तीसाठी बंद पडल्या, तेव्हा देशोदेशींची रुग्णालये हवालदिल झाली होती. शिवाय त्यासाठी वेगळा विभाग हवा, परवाने हवेत. लहान गावच्या रुग्णालयाला हे झेपणारे नाही. आणि मला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते हे की, त्या द्रवाला थांबता येत नाही. तो टोचला की घड्याळ सुरू.

येथे माझा लोहचुंबक येतो. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातले क्वेंटिन पँकहर्स्ट आणि अमेरिकेतल्या ह्यूस्टनचे ऑड्रियस ब्राझडेकिस या पदार्थविज्ञानाच्या लोकांनी किरणांच्या जागी लोखंड आणले. आपल्या शाळेतला प्रयोग आठवा : कागदावर लोखंडाचा कीस, खाली चुंबक, आणि किसाची उभी राहिलेली रांगोळी. येथे कीस मात्र डोळ्यांना दिसणार नाही इतका बारीक आहे. लोहाच्या ऑक्साइडचे कण, त्यांवर साखरेच्या जातीतल्या पदार्थाचे आवरण. द्रवाचा रंग कडक काळ्या चहासारखा. इतक्या लहान कणांची एक गंमत आहे. चुंबक जवळ असेतोवर ते चुंबकासारखे वागतात. दूर नेला की सारे विसरतात आणि एकमेकांना चिकटून गोळा होत नाहीत. म्हणून ते नळ्यांतून सुखरूप वाहत जातात आणि पहारेकरी गाठीत अडकून बसतात. मग शल्यविशारद जाडशा दांडीसारखा एक शोधक काखेवरून फिरवितो. दांडीतले चुंबकीय क्षेत्र सारखे उलटसुलट होत असते, त्याला लोह जबाब देते, यंत्रावरचा आकडा चढतो आणि सूर उंच होतो. गाठ बाहेर आली की ती तपकिरी दिसते.

यंत्रात उणिवाही आहेत. दांडीला दोन-तीन सेंटिमीटरांपलीकडचे फारसे कळत नाही. पोलादी चिमटे जवळ असले की ती त्यांनाच सलाम करते. म्हणून शोधाच्या वेळी पोलाद बाजूला सारून प्लॅस्टिकची हत्यारे घ्यावी लागतात. पेसमेकर बसविलेल्यांना ही पद्धत चालत नाही. टोचल्या जागी त्वचेवर तपकिरी डाग राहतो, कधी महिनोन् महिने, कधी वर्षानुवर्षे. आणि पुढे एमआरआय काढला तर त्या जागी काळी सावली पडते. पण मूळ काम ते चोख करते. इंग्लंड आणि हॉलंडमधल्या १६० रुग्णांवर दोन्ही पद्धती एकत्र वापरून पाहिल्या, त्याचा अहवाल २०१४ साली आला : जुन्या पद्धतीने १५२ जणांत गाठ सापडली, चुंबकाने १५१ जणांत. २०१८ साली अमेरिकेच्या सरकारनेही परवानगी दिली.

हे वाचून मला शिक्षकाला शोभेल असा आनंद झाला होता, त्याहून अधिक काही नाही. एका यंत्राच्या जागी दुसरे यंत्र आले, इतकेच. खरी गोष्ट नंतर ध्यानात आली. लोखंड थांबते. ते गाठीत काही तास नव्हे, काही आठवडे तसेच बसून राहते.

याचा उपयोग स्वीडनमधल्या उप्साला येथील डॉक्टरांनी ओळखला. काही बायकांत रोग दुधाच्या नळीतच असतो, नळीची भिंत ओलांडून बाहेर पडलेला नसतो. असा रोग काखेत जात नाही, म्हणून काखेला हात लावण्याचे कारण नाही. पण अडचण अशी की, सुईने काढलेल्या तुकड्यात जे दिसते तेवढेच खरे असे नसते. सगळा भाग काढून तपासल्यावर पाचांतल्या एकीत रोग भिंतीपलीकडे गेलेला सापडतो. आणि एकदा स्तन काढला की वाटा मोडतात, मग पहारेकरी शोधून सापडत नाही. म्हणून अशा पाचही जणींची गाठ आधीच काढून ठेवीत. उप्सालाच्या मंडळींनी केले ते असे : लोखंड टोचावयाचे, ते गाठीत जाऊन बसू द्यावयाचे, स्तनाची शस्त्रक्रिया करावयाची आणि काख मिटलेलीच ठेवावयाची. तपासणीचा कागद येईपर्यंत थांबावयाचे. भिंत ओलांडलेली निघाली तरच पुन्हा जाऊन ती तपकिरी गाठ काढावयाची. २०१९ साली त्यांनी हिशेब दिला; दर पाचांतल्या जवळजवळ चौघींची काख वाचली होती.

२०२२ साली अक्काच्या मुलीला, माझ्या भाचीला, इंग्लंडात हाच प्रश्न पडला. तिथे पन्नाशीनंतर दर तीन वर्षांनी बायकांना क्ष-किरण तपासणीला बोलावतात, त्यात तिचे निघाले. नळीतलाच, पण बराच पसरलेला. स्तन काढणे भाग होते. काखेचे काय करावयाचे, हे तिच्या डॉक्टरीणबाईंनी तिलाच विचारले. आताच गाठ काढू, नाहीतर लोखंड टोचून थांबू. थांबलो तर पाचांत एक शक्यता अशी की पुन्हा भूल, पुन्हा टाके. विचार करा, आठवड्याने सांगा.

त्या आठवड्यात तिचे मला रोज फोन. “मामा, लोखंड अंगात राहिलं तर?” मी तिला हळूहळू सगळे सांगितले; शरीर लोह जिरवते, डाग, सावली, जे मला ठाऊक होते ते. अक्काचा मात्र एकच हेका. “सगळं काढून टाक म्हणावं त्यांना. काही ठेवायला सांगू नकोस. मी हात दिला आणि जीव घेतला.” हे वाक्य ती १९८८ पासून म्हणत आली आहे. फिशरच्या प्रयोगाप्रमाणे हा व्यवहार झालाच नव्हता. जीव हाताशिवायही राहिला असता, निदान तेवढीच शक्यता होती. हे मला ठाऊक होते आणि मी गप्प बसलो.

भाचीने थांबण्याला होकार दिला. तीन आठवड्यांनी कागद आला : एका ठिकाणी, काही मिलिमीटरांपुरती, भिंत ओलांडलेली होती. “मामा, मी पाचवी निघाले,” ती म्हणाली. पुन्हा भूल, पुन्हा टाके. आकडा चढला, दोन तपकिरी गाठी निघाल्या. दोन्ही निरोगी.

अक्काला वाटले ते उघडच होते : शेवटी कापलेच ना? तेही दोनदा! आणि मलाही क्षणभर तसेच वाटले. संयमाचा नियम चौघींना वाचवितो आणि त्याचे बिल पाचवीच्या नावावर फाडतो; सरसकट कापण्याचा नियम पाचही जणींवर थोडेथोडे लादतो. जिच्या वाट्याला पाचवेपण येते, तिला चौघींचे समाधान काय कामाचे? गणिताने हा प्रश्न सुटत नाही. भाचीला मी हे भीत भीत बोलून दाखविले. ती म्हणाली, “मामा, पाचातली कोणीतरी एक असणारच होती ना? मला आधी सांगितलं होतं, आणि मी हो म्हटलं होतं. तीन आठवडे झोप आली नाही, ते खरं. पण कोणी मला फसवलं नाही.”

तेव्हापासून मी अक्काच्या संमतीच्या कागदाचा विचार करतो आहे. त्यावर मेहुण्यांची सही होती आणि साक्षीदार म्हणून माझी. अक्काची सही होती की नाही, हे मला आठवत नाही. एवढे आठवते की तिला कोणी काही विचारले नव्हते. विचारले असते तर तिने ‘कापा’ असेच म्हटले असते. त्या वेळी पहारेकरी ठाऊक नव्हता, लोखंड नव्हते, थांबायची सोयच नव्हती. हात जसा सुजला तसाच सुजला असता. मग विचारण्याने काय साधले असते? माझे एक डॉक्टर स्नेही तर म्हणतात की, हल्ली आम्ही आमचे अज्ञान रोग्याच्या गळ्यात बांधतो आणि त्याला संमती म्हणतो. त्यात तथ्य आहे. अक्काला त्या रात्री शांत झोप लागली होती, भाचीला तीन आठवडे लागली नाही.

तरीही मला वाटते, आम्ही अक्काचे काहीतरी घेतले. आम्हाला ठाऊक नव्हते आणि डॉक्टरांनाही ठाऊक नव्हते. ते न ठाऊक असणे आम्ही तिच्यापासून लपविले आणि त्याचा सगळा भार मात्र तिच्या एकट्या हातावर ठेवला. शस्त्रक्रियेत चूक नव्हती. चूक त्या साक्षीदाराच्या सहीत होती.

असो. आता तर पहारेकऱ्याचीही सद्दी संपत आली आहे. २०२३ साली मिलानहून आलेल्या अहवालात रोगाची गाठ लहान आणि सोनोग्राफीत काख स्वच्छ असलेल्या बायकांत काखेला मुळीच हात न लावूनही वाईट झाले नाही, असे दिसले. आणि आपल्या मुंबईच्या टाटा रुग्णालयातल्या शल्यविशारदांनी तर काखेच्या खालच्या भागातल्या थोड्या गाठी नुसत्या शरीररचनेच्या खुणेवरून काढून तपासण्याची रीत वापरून दाखविली. तिला ना किरण लागतात ना लोखंड, आणि खर्चही बेताचा. चुंबकही उद्या फळीवर जाऊन बसेल. माझ्या शाळेतली किती उपकरणे तशी बसली आहेत.

गेल्या दिवाळीत मी सोऱ्या दाबीत होतो. अक्का कढईपाशी स्टुलावर बसली होती. एकाएकी तिने विचारले, “तुझ्या त्या लोहचुंबकानं माझ्या किती निघाल्या असत्या रे?”

“दोन. फार तर तीन.”

“म्हणजे पंधरा राहिल्या असत्या.” तिने झारा कढईच्या कडेला टेकवून ठेवला. “तुला केव्हापासून ठाऊक आहे हे?”

“बरीच वर्षं झाली.”

“मग बोलला का नाहीस?”

मी म्हटले, “तूच म्हणत आलीस ना, हात दिला आणि जीव घेतला. मला वाटलं, तेवढ्यावर तू उभी आहेस.”

“मी?” ती म्हणाली. “अरे, तुम्ही पेढे वाटत होतात. तुमच्या तोंडाकडे बघून म्हणत होते मी ते. ह्यांना झोप लागत नव्हती रात्र रात्र.”

मी सोऱ्यावरचे हात काढले.

“दाब, दाब,” अक्का म्हणाली, “तेल फार तापतंय.”